शेट, हवेला काय तोटा?

गोव्यात कारखाना काढलात आणि हवेवर पैसे घालायला निघालात? शेट, इथे लोक विमानाचं तिकीट काढून हवा खायला येतात. तुमचे कामगार वर पगार घेऊन खातात, आणखी काय हवं!

सल्लागार म्हणेल, धूर निघतो तिथेच, अगदी जवळ धूर खेचून घेणारा हूड बसवा. 1948 च्या कारखाने कायद्यातलं कलम 14 ही हेच सांगत होतं. ऐकू नका. हूड वर पत्र्याजवळ लावा. हूडच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं लांब गेलं की खेच जेमतेम दहा टक्के उरते, पण फोटोत खेच दिसते कुठे? शिवाय वर जाणारा धूर वाकलेल्या वेल्डरच्या नाकातून गाळून जातो, म्हणजे फिल्टर फुकट. (वेल्डिंगचा धूर कर्करोग देतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2017 साली ठरवलं. ती संस्था फ्रान्सात, आपण कुंडईत.)

उकडतंय म्हणाले तर मोठा पेडेस्टल फॅन द्या. एकाचा धूर दुसऱ्याला मिळतो, आपलेपणा वाढतो.

धुळीवर आपला जुना उपाय आहेच: गूळ. वाळू-दगडातल्या सिलिकाची जी धूळ खोल छातीत उतरते ती डोळ्यांना दिसतही नाही, आणि गूळ जातो पोटात. अन्ननलिका वेगळी, श्वासनलिका वेगळी. पण एवढं शरीरशास्त्र गुळाला कोण शिकवणार? सणासुदीला ढेप जरा मोठी आणा.

धूळ गाळणारा कापडी पिशव्यांचा बॅग फिल्टर घेऊन बसलाच असाल, तर दाबाच्या काट्याकडे बघायचं नाही. पिशव्या चोंदल्या की काटा चढतो, मग नव्या पिशव्यांचा खर्च. त्यापेक्षा काटाच बिघडू द्या. पंखा घरघरतोय ना? बास झालं. निरीक्षक येणार त्या दिवशी ग्राइंडिंग ठेवू नका आणि जमीन ओल्या फडक्याने पुसून घ्या. वर्षातून एवढंच काम नियमाप्रमाणे होतं. एरवी कोरडा झाडू, आणि सुटी झाली की कॉम्प्रेसरची हवा मारून कपडे झटकायचे.

कुणाला खोकला धरला तर टीबी म्हणा. सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या छातीच्या आजाराची नाहीतरी टीबीशी गल्लत होते, आणि टीबीची औषधं सरकार फुकट देतं. माणूस कंत्राटी असेल तर मडगावला गाडीत बसवून द्या. छातीचा एक्स-रे मागितला तर म्हणावं, कंत्राटदाराला विचार.

तुमच्या केबिनमध्ये मात्र एअर प्युरिफायर घ्याच. तुम्हाला धुळीची ॲलर्जी आहे म्हणे.