काटकसरीचा आरंभ दुसऱ्याच्या ताटापासून करावा

कापूस वेचून घरात येऊन पडला आहे, भाव वाढेल या आशेवर तो अजून विकलेला नाही आणि हातात तर दमडी नाही, अशा दिवसांत घरखर्च आटोक्यात कसा ठेवावा, हा प्रश्न विदर्भातील प्रत्येक कर्त्या पुरुषाला पडतो. आपण त्यांपैकीच असाल, तर सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की बचत नेहमी घरातील इतरांच्या गरजांपासून सुरू करायची असते. आपल्या स्वतःच्या गरजा आधीच किमान असतात.

श्रीगणेशा दिव्यापासून करावा. आपले जेवण आटोपले, की स्वयंपाकघरातला दिवा तत्काळ मालवावा. घरची लक्ष्मी त्या वेळी भांडी घासत असेल, परंतु वीस वर्षांच्या संसारात कोणते भांडे कुठे आहे हे तिला अंधारातही कळायला हवे. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज एक तास कमी जळला, तर वर्षाकाठी जवळपास सव्वातीन युनिट वीज वाचते. हा आकडा चारचौघांत अवश्य सांगावा, युनिटचा दर मात्र सांगू नये. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला, की कूलर आपण झोपतो त्याच खोलीच्या खिडकीला बसवावा, कारण गारवा घरभर फिरला तर तो वाया जातो. त्याच्या टाकीत हापशीवरून पाणी आणून ओतण्याचे काम ज्यांना उकाड्याने झोप येत नाही त्यांच्याकडे सोपवावे.

उज्ज्वला योजना 2016 साली आली आणि तिच्यामुळे अनेक घरांच्या कोपऱ्यात 14.2 किलो गॅसचे सिलिंडर विराजमान झाले. त्यावर कशिद्याचे कापड घालावे आणि पाहुण्यांचा चहा तेवढा त्यावर करावा. रोजच्या भाकरीला पऱ्हाट्या आणि तुराट्या आहेतच. त्या शेतातून डोक्यावर वाहून आणणारी बाई घरचीच असल्याने मजुरी पडत नाही, आणि चुलीच्या धुराने तिच्या डोळ्यांना पाणी येते त्याला तर कोणताच खर्च नाही. भाजी म्हणाल, तर पाऊस पडला की बांधावर तरोटा उगवतो आणि उरलेल्या वर्षाला जवसाची चटणी पुरते.

युरियाचे रिकामे पोते फेकणारा मनुष्य आयुष्यात वर येत नाही. त्याचे पायपुसणे होते, न्हाणीचा पडदा होतो आणि एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की पोराला शाळेत जायला पावसाळी खोळ होते. (हेच पोते पूर्वी 50 किलोचे असे, 2018 पासून ते 45 किलोचे झाले, काटकसर वरूनच झिरपत येते.) साबणाच्या चिपा, चहाची दुसऱ्यांदा उकळलेली पत्ती इत्यादींविषयी आपल्या आईने सर्व सांगून ठेवले आहे.

राहता राहिला खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून पानठेल्यावरून आपल्या हाती येणारी ही वस्तू खर्चात धरण्याची आपल्याकडे रीत नाही. महाराष्ट्रात 2012 साली गुटखाबंदी झाली तेव्हाही आपण डगमगलो नाही, मग भाव पडले म्हणून आता का डगमगावे? वीस रुपयांचे दिवसाला तीन खर्रे म्हटले, तर वर्षाला 21,900 रुपये होतात, असा हिशेब काही कुत्सित लोक मांडतात. ही रक्कम मोठी दिसते ती केवळ 365 ने गुणल्यामुळे. गुणले नाही, तर खर्रा वीस रुपयांचाच राहतो. पानठेल्यावर जाताना मोटारसायकल न्यावी, कारण पायी गेल्याने चपला झिजतात.

घरचा जमाखर्च जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहावा, म्हणजे वहीचे पैसे वाचतात, आणि खर्रा ‘किरकोळ’ या सदरात घालावा. ती पत्रिका आठवीतल्या मुलीच्या हाती मात्र लागू देऊ नये. तिला गुणाकार येतो.