जुने परागकण नव्या खडकात सापडले, म्हणून खडकांचे वय खोटे ठरत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक मजकूर फिरत आला. आसामातल्या दोन-अडीच कोटी वर्षांच्या खडकात २५ कोटी वर्षांपूर्वीचे परागकण सापडले, म्हणजे खडकांची वये मनाने ठरवलेली आहेत. शास्त्रज्ञ ही गोष्ट दडवतात. आणि आपला सह्याद्रीही जलप्रलयातच साचला, असे त्यात ठामपणे म्हटले होते. माझी भाची सांगलीत भूविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वडिलांनी हा मजकूर तिला वाचून दाखवला आणि ‘हेच शिकतेस का?’ असे विचारले, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

जुने परागकण नव्या खडकात सापडतात, हे खरे आहे. ईशान्य भारतातील तृतीयक (गेल्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांत बनलेल्या) खडकांत पर्मियन काळातील, म्हणजे सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या, गोंडवनी (गोंडवन या प्राचीन दक्षिणी महाखंडावरील) वनस्पतींचे परागकण मिळाल्याच्या नोंदी आहेत. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष सांगलीत राहणाऱ्या माणसाला तरी पटू नये. ऑगस्ट २०१९चा पूर ओसरला तेव्हा आमच्या उंबऱ्यावर बोटभर काळपट गाळ बसला होता. तो थर त्या आठवड्यातला, पण त्यातले कण ज्या कातळाच्या झिजेतून आले तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कणाचे वय आणि थराचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परागकणाचे कवच तर इतके चिवट असते की प्रयोगशाळेत हायड्रोफ्लोरिक आम्लात खडकातली सिलिकेट खनिजे विरघळतात, तरी ते शिल्लक राहते. साहजिकच जुना खडक झिजला की ते नदीबरोबर वाहत जाऊन नव्या गाळात पुन्हा गाडले जाते. थर त्यात मूळचा असलेल्या सर्वांत अलीकडच्या जीवाश्माहून जुना असू शकत नाही, हा नियम त्यामुळेच पाळला जातो.

हे उपरे कण बहुधा ओळखू येतात. सूक्ष्मदर्शकाखाली थराच्या काळातला कण फिकट पिवळा दिसतो आणि त्याच्याच शेजारी, खोल गाडला जाऊन उष्णता सोसलेला जुना कण गडद तपकिरी, कडा झिजलेला. त्यांचा उपयोगही मोठा आहे: पर्मियन परागकण दिसले, तर तो गाळ साचत असताना नदीच्या पाणलोटात कुठेतरी पर्मियन खडक, किंवा त्याच्याच झिजेतून बनलेला दुसरा खडक, उघडा पडून झिजत होता, असे म्हणता येते, आणि थराथराने त्यांचे प्रमाण मोजत गेल्यास गाळाचा उगम केव्हा बदलला हेही कळते.

दडवण्याचा आरोप तर तपासण्याचीही तसदी न घेता केलेला आहे. ई. ए. स्टॅन्ली यांनी १९६६ साली ‘मरीन जिऑलॉजी’ या नियतकालिकात सागरी गाळातील अशाच उपऱ्या परागकणांवर आणि बीजाणूंवर निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच्या शीर्षकातच ‘प्रॉब्लेम’ हा शब्द घातला.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. दोन थरांच्या वयात फारसे अंतर नसेल, तर उपरा कण ओळखणे अवघड जाते, आणि एखाद्याच जीवाश्मावर विसंबून ठरवलेले वय चुकू शकते. म्हणूनच थरातल्या जीवाश्मांचा संपूर्ण समूह पाहतात.

राहिला सह्याद्री. त्याचा काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्याचे वय पोटॅशियमच्या किरणोत्सारी क्षयातून साठलेल्या आर्गॉनवरून मोजलेले आहे, आणि त्या मोजणीत परागकणांचा संबंधच येत नाही.