एरर मशीनचा आणि मिस्टेक माणसाची: हे ठरवलं कुणी?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पालकांच्या आणि क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. ‘एरर आणि मिस्टेक यांतला फरक भल्याभल्यांना माहीत नाही’ अशी त्याची सुरुवात, आणि खाली सूत्रं. मिस्टेक माणूस करतो, एरर मशीन करतं. एरर किरकोळ, मिस्टेक मोठी. येत असून घाईत चुकलं तर एरर, येतच नसेल तर मिस्टेक. कॉम्प्युटरमधल्या चुकीला ‘बग’ म्हणतात, कारण १९४७ साली मशीनमध्ये खरोखरच किडा सापडला आणि तिथनं हा शब्द जन्मला. शेवटी, कायद्यात मिस्टेकला माफी आहे, एररला नाही. ‘जास्तीत जास्त मुलांपर्यंत पोचवा’ अशी विनंतीही आहे, आणि ते पोचलंय. मराठी माध्यमातल्या पोरांना इंग्रजीची आधीच धास्ती. त्यात कुणी ‘सूत्र’ म्हटलं की ते वहीत जातं आणि वहीतनं पेपरात. तेव्हा एकेक मुद्दा बघू.

मशीनचा मुद्दा आधी. ही समजूत कुठून आली ते कळतं. दाखला काढायला सेवा केंद्रात गेलं की काउंटरवरचा पोरगा स्क्रीनकडं बघत सांगतो, ‘एरर दाखवायलंय, उद्या या.’ बहुतेकांची या शब्दाशी ओळख तिथंच झालेली. पण उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, कुठल्याही मशीनशॉपमध्ये हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. मायक्रोमीटर म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन. त्याची दोन्ही तोंडं पुसून रॅचेटनं, म्हणजे टोकाच्या फिरकीनं, अलगद मिटवा. थिंबलवरचा, म्हणजे आकडे कोरलेल्या फिरत्या नळीवरचा, शून्य बरोबर रेषेवर यायला हवा. तो पुढं सरकून ०.०३ मिलिमीटर दाखवत असेल, तर तो झिरो एरर. म्हणजे त्या मायक्रोमीटरवर २५.०३ दिसलं की शाफ्ट खरा २५.०० चा. ऑपरेटर मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि पुढचा जॉब लावतो. यात कुणाचं काही चुकलेलं नाही. खरं माप आणि दिसणारं माप यांतला फरक, एवढाच इथं एररचा अर्थ. तो आकड्यात सांगता येतो, वजाही करता येतो. वजा करायचं विसरून २५.०० दिसेपर्यंत माल काढला, तर शाफ्ट ०.०३ नं बारीक होऊन रिजेक्टमध्ये जातो. ती मात्र मिस्टेक.

इथवर वाचून फॉरवर्ड करणारे खूश होतील. पण त्याच टेबलावर स्केल तिरक्या नजरेनं वाचली तर येतो तो पॅरॅलॅक्स एरर, आणि नजर माणसाची असते. विमान अपघातांच्या बातम्यांत पायलट एरर असतो. टेनिसमधला अनफोर्स्ड एरर तर सर्वस्वी खेळाडूच्या नावावर मांडतात. निवडणुकीच्या सर्व्हेतल्या ‘मार्जिन ऑफ एरर’मध्ये मशीनही नाही आणि कुणाची चूकही नाही. सगळ्या मतदारांऐवजी थोड्यांनाच विचारलं, म्हणून राहणारी ती अनिश्चितता.

‘मिस्टेक माणूस करतो’ हा सूत्रातला अर्धा भाग मात्र बऱ्यापैकी खरा आहे. मिस्टेकला समजून घेणारं डोकं लागतं. शब्द जुन्या नॉर्समधला, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतला, मूळ अर्थ चुकीचं उचलणं, एक समजून भलतंच घेणं. म्हणून लेथ मशीन मिस्टेक करत नाही. एररचं तसं नाही. लॅटिनमध्ये त्याचं मूळ भटकणं, वाटेवरून सरकणं. आपल्याकडं भ्रमण आणि भ्रम एकाच धातूतले आहेत, तसंच काहीसं. वाट सोडायला माणूस असो, काटा असो, आकडा असो, कुणीही चालतं. आणि आता तो अर्धा भागही सैल होत चाललाय. उत्तरं देणाऱ्या एआय चॅटच्या पट्टीखाली कंपन्या स्वतःच लिहितात की हा मिस्टेक करू शकतो, महत्त्वाचं असेल ते तपासून घ्या.

‘एरर किरकोळ’ हा मुद्दा लवकर उरकतो. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाशी पोचता पोचता गेलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर जोराचा हिशोब ब्रिटिश एककात, पाउंडात, देत होतं आणि पुढचं ते आकडे न्यूटनचे समजून वापरत होतं. दोन्हींत जवळपास साडेचार पटीचा फरक. त्यावर नासाचे एडवर्ड वाइलर म्हणाले की माणसांकडून कधीकधी एरर होतात, खरी अडचण ती पकडण्यात आम्ही कमी पडलो ही आहे. अख्खं यान गेलं तरी शब्द एररच, आणि तोही माणसांबद्दल. उलट चहात साखर जास्त पडली तर इंग्रज त्यालाही मिस्टेकच म्हणणार.

‘येत असून चुकलं तर एरर’ या तिसऱ्या सूत्राचा मला खरा राग आहे, कारण ते नेमकं उलटं आहे आणि ते मास्तरलोकच पुढं पाठवतात. भाषा शिकण्याच्या अभ्यासात हा भेद भाषाशास्त्रज्ञ एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ च्या लेखात मांडला. नियम माहीत असून थकव्यानं, घाईनं, जीभ घसरून झाली ती मिस्टेक. बोलणाऱ्याच्या मनातला नियमच वेगळा, म्हणून पुन्हा पुन्हा तशीच होते ती एरर. बेळगावात हे समजवायला पुस्तक लागत नाही. कन्नड घरातला मित्र मराठी छान बोलतो, पण ‘बस आलं’, ‘गाडी गेलं’ म्हणतो. दर वेळी म्हणतो. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, तोच हिशोब तो मराठीला लावतो. ही एरर. यात आळस नाही, बेफिकिरी नाही. उलट त्याच्या डोक्यात एक व्यवस्था चालू असल्याचा हा पुरावा. तोच वाक्यप्रयोग पुण्याच्या माणसाच्या तोंडून चुकून निघाला, तर पुढच्या क्षणी तो स्वतःच ‘बस आली’ म्हणेल. ती मिस्टेक.

शिकवणाऱ्याला हा फरक रोज कामाला येतो. मिस्टेकवर लाल रेघ मारली, ‘परत बघ’ म्हटलं की पोरगं आपण होऊन सुधारतं. ‘आय हॅव’ऐवजी लिहिलेल्या ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ या वाक्यावर तीच रेघ शंभरदा मारून उपयोग नाही, कारण पोराच्या मते ते बरोबरच आहे. तिथं त्याच्या मनातला नियम शोधून काढावा लागतो. कॉर्डर यांच्या मते शिकणाऱ्याच्या एररमधून तो कुठवर पोचलाय हे शिक्षकाला कळतं. फॉरवर्ड वाचून पोरांनी ही व्याख्या उलटी पाठ केली, तर पुढं बी.एड.ला गेल्यावर पुन्हा सुलट करावी लागेल. (कॉर्डर यांचा भेद त्या अभ्यासापुरता आहे हेही खरं. बाजारात, पेपरात दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी चालतात.)

किड्याची गोष्ट खरी आहे, निष्कर्ष खोटा. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू या कॉम्प्युटरच्या एका रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, पतंग हा किडा सापडला. तो चिकटपट्टीनं नोंदवहीत चिकटवलाय आणि वही वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे. पण शेजारी लिहिलंय काय? बग सापडल्याची ही पहिलीच ‘खरीखुरी’ घटना. शब्द आधीपासून वापरात असेल तरच हा विनोद होतो. एडिसननं १८७८ च्या पत्रात यंत्रातल्या खोडीसाठी हाच शब्द वापरलाय.

‘डू अ मिस्टेक’ नव्हे, ‘मेक अ मिस्टेक’, ही त्या मजकुरातली ओळ मात्र बरोबर. ‘बाय मिस्टेक’ आपण इतकं म्हणतो की तो मराठी शब्दच झालाय. ‘बाय एरर’ इंग्रजीत रुळलेलं नाही, तिथं ‘इन एरर’ म्हणतात.

राहिला कायदा. माफी शब्दावर नाही, कशाबद्दल चुकलं त्यावर आहे. वस्तुस्थितीबद्दल प्रामाणिक गैरसमज झाला तर भारतीय दंड संहितेचं कलम ७९ बचाव देत होतं; १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम १७ मध्ये आलंय. कायदाच माहीत नव्हता, हा बचाव दोन्हीकडं नाही. आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५२ बघा: निकालातल्या लिखाणाच्या, आकडेमोडीच्या ‘मिस्टेक’ आणि नजरचुकीनं आलेले ‘एरर’, दोन्ही कोर्ट कधीही दुरुस्त करू शकतं. एकाच वाक्यात दोन्ही शब्द, दोन्हींना सारखीच वागणूक.

आपल्याकडं हा प्रश्न येतो तो नावाच्या दुरुस्तीत. घरात मराठी, उताऱ्यावर कन्नड, पासबुकावर इंग्रजी. चौगुले एका कागदावर ‘ओयू’नं, दुसऱ्यावर ‘एयू’नं. मग कोर्टासमोर टायपिस्टकडं अ‍ॅफिडेव्हिट. तिथं ‘क्लेरिकल एरर’ लिहावं की ‘क्लेरिकल मिस्टेक’, असं हल्ली लोक त्या फॉरवर्डमुळं विचारायला लागलेत. काहीही लिहा. दोन्ही स्पेलिंगं जशीच्या तशी, एकही अक्षर न गाळता आलीत का, आणि दोन्ही नावांचा माणूस एकच असं स्पष्ट म्हटलंय का, हे सही करण्याआधी वाचून घ्या.