बावन्न देशांचे मानकरी

अभिनंदन! यंदा दर आठवड्याला एक परदेशी चित्रपट बघायचं आव्हान तुम्ही घेतलंत. ५२ आठवडे, ५२ देश, आणि तेही मूळ भाषेत. हे आव्हान तुम्हाला दिलं कुणी, असं घरचे विचारतील. लक्ष देऊ नका. त्यांचा अजून कोरियासुद्धा झालेला नाही.

आधी घोषणा करायची, चित्रपट सावकाश बघता येतो. एक तक्ता बनवा, त्यात झेंडे लावा आणि तो सोसायटीच्या, शाळेच्या, ऑफिसच्या अशा सगळ्या ग्रुपांवर टाका. जिथे पाण्याच्या टँकरवरून भांडण पेटलंय तिथे तर आवर्जून टाका. सबटायटल्सचा इंचभर उंचीचा अडथळा ओलांडला की कितीतरी भारी चित्रपट भेटतात, असं ‘पॅरासाइट’चा कोरियन दिग्दर्शक बाँग जून-हो २०२० च्या गोल्डन ग्लोबच्या मंचावर जे बोलला, ते खाली चिकटवा. सगळेच चिकटवतात.

निवड करताना लांबी बघायची. ‘राशोमोन’ ८८ मिनिटांत आटोपतो. त्यात जपान होतो, कुरोसावासारखा नावाजलेला दिग्दर्शक होतो, शिवाय ‘कृष्णधवल’ हा रकानाही भरतो. बेला तारच्या ‘सातानतांगो’च्या वाटेला मात्र चुकूनही जाऊ नका. सात तासांहून जास्त वेळ हंगेरीच्या पावसाचिखलात काढायचा आणि तक्त्यात खूण मिळणार एकच. हा सरळसरळ अन्याय आहे.

तरी एखादा लांबलचक चित्रपट गळ्यात पडलाच, तर वेगाचं बटण आहे. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये त्याची चाचणी घेतली तेव्हा हॉलिवूडचे काही दिग्दर्शक भडकले होते. वर्षभरात बटण आलंच. दिग्दर्शकांना काय कळतंय? शांताल अकरमनचा ‘जान दिएलमन’ घ्या. २०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या सर्वोत्तम चित्रपटांच्या कौलात तो पहिला आला, म्हणजे टाळता येत नाही. २०१ मिनिटं ब्रसेल्समधली एक विधवा घर आवरते, कॉफी करते, बटाटे सोलते. दीडपट वेगाने तिचं सगळं काम १३४ मिनिटांत उरकतं. तिचाही वेळ वाचतो, तुमचाही.

पोलंडचा दिग्दर्शक किएस्लोव्स्की, हे नाव उच्चारायची वेळ आली की पाणी प्या.

सबटायटल्स वाचलीच पाहिजेत असं काही नाही. पांढऱ्या बर्फावरची पांढरी अक्षरं तशीही कुणाला दिसली आहेत? मराठीत मिळतील का, असंही कुठे विचारू नका, लोक हसतात.

एकट्याने बघण्यापेक्षा चार लोकांत बघावं, म्हणजे साक्षीदार मिळतात. गावात एखादा फिल्म क्लब असतोच. हौशी माणसं खिशातले पैसे घालून हॉल घेतात, प्रोजेक्टर लावतात, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात. तिथे जा. नंतर येणाऱ्या मित्रांसाठी रुमाल, पिशवी, हेल्मेट अशा मिळेल त्या वस्तूने पुढची रांग अडवा. मित्र आले नाहीत तरी रुमाल उचलू नका. अंधार झाला की फोन काढा. आपण काय बघतोय ते फोनवरून जगाला कळवल्याशिवाय बघितल्यासारखं वाटत नाही. पडद्याचा फोटो काढताना फ्लॅश चालू राहिला तर उत्तम.

गेल्या आठवड्यात आमच्या क्लबात अशाच एका आव्हानवीराच्या शेजारी बसायचं भाग्य मला लाभलं. यासुजिरो ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ होता, १९५३ चा, १३६ मिनिटांचा. ओनोमिचीचे म्हातारे आईबाप टोकियोला पोरांकडे येतात आणि पोरांना वेळ नसतो, एवढीच गोष्ट. ओझूचा कॅमेरा जमिनीलगत ठेवलेला, जवळजवळ हलतच नाही. प्रसंग संपला की धुराडी, वाळत घातलेले कपडे, जाणारी आगगाडी. अशी धुराडी आली की शेजारी फोन उजळायचा. “ही सून का मुलगी?” सून, विधवा सून, नोरिको, आणि अख्ख्या कुटुंबात तीच एकटी म्हाताऱ्यांना वेळ देते, हे पडद्यावर अर्धा तास चाललं होतं. मग “हे दोघं आता कुठे निघाले?” समुद्रकाठच्या अतामीला. पोरांनी पाठवलंय, कटकट नको म्हणून. “याच्यात काही होतं का पुढे?” होतं ना. परत गेल्यावर आई मरते. ती मेली, अंत्यविधी झाला, सगळे जेवायला बसले. थोरली मुलगी आईच्या कपड्यांतलं काय काय आपल्याला हवं ते जेवतानाच सांगून टाकते, आणि पोरं रात्रीची गाडी गाठायच्या गडबडीला लागतात. नेमके तेव्हाच आमचे साहेब उठले. “संपला की! मला घरी जाऊन अजून डेन्मार्क करायचाय,” असं म्हणत माझ्या पायांवर पाय देऊन, प्रोजेक्टरच्या झोतातून सावली नाचवत निघून गेले. पडद्यावरची पोरं जात होती आणि हाही त्यांच्याबरोबर गेला! मागे थांबते ती नोरिको. धाकट्या नणंदेशी तिचं बोलणं होतं, सासरा तिला बायकोचं घड्याळ देतो. दोन तास ज्यासाठी बसायचं ते हे. दुसऱ्या दिवशी त्याची पोस्ट आली: “टोकियो स्टोरी. थोडा स्लो. आपला बागबान जास्त इमोशनल. साडेतीन स्टार.” अर्धा स्टार कशाचा कापलास रे बाबा? धुराड्यांचा?

खाली शंभरेक अंगठे होते. “इन्स्पायरिंग!” म्हणे.

सात दिवसांत नऊ देश दाखवणाऱ्या सहलीच्या बसमधून लोक बाहेर बघतात, तेवढंसुद्धा तुम्ही बघत नाही. ओझू आवडला नाही तर नका बघू. कंटाळा आला तर तसं सांगा, त्यात लाज कसली? मलाही कित्येक गाजलेल्या चित्रपटांत झोप आली आहे. पण अर्धा बघून पूर्ण बघितल्याची खूण करायची, वर चार लोकांना ज्ञान द्यायचं, आणि जे खरोखर बघायला आलेत त्यांच्या डोळ्यांवर फोनचा उजेड मारायचा, ही कसली रसिकता? गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळक्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा एक परदेशी मूकपट पाहिला, मग बायकोला, सरस्वतीबाईंना, घेऊन जाऊन तोच पुन्हा पाहिला. डोक्यात तेच घोळत राहिलं आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. तुमच्या तक्त्यात दुसऱ्यांदा बघायला रकाना तरी आहे का?

कुणी सांगितलंय वर्षात ५२ देश फिरायला? तीन बघा. एक बघा. पण बूड टेकून बघा. बायकोला, आईला, शेजारच्या काकांना सोबत घ्या. इंग्रजी अक्षरं भराभर वाचता येत नसतील त्यांना तर थांबवून थांबवून सांगा, घरी कोण ओरडणार आहे? आणि ते झेंडे आमच्या ग्रुपवर टाकणं बंद करा.

रविवारी क्लबात इराणी चित्रपट आहे, किआरोस्तामीचा. गाडी बराच वेळ टेकड्यांतून फिरत राहते, आधीच सांगून ठेवतो. फोन दाराशी ठेवायचा, दिवे लागेपर्यंत उठायचं नाही आणि रुमाल टाकायचे नाहीत. जमत नसेल तर येऊ नका. खुर्च्या तशाही कमीच आहेत.