चिठ्ठी चिकटवली की डिझाइन नापास

एखादी वस्तू चांगली डिझाइन केलीय की वाईट, हे ठरवायला मी काही कोर्सबिर्स केलेला नाही. मी फक्त बघतो की तिच्यावर कोणी चिठ्ठी चिकटवलीय का. 'हे बटण दाबू नये' असा कागद चिकटपट्टीने लावलेला दिसला की ती वस्तू नापास, मग तिला कितीही बक्षिसं मिळालेली असोत.

आता काचेच्या दारावर 'ढकला' असं लिहावं लागतं म्हणजे काय? दार आहे हो ते! बरं, वाचूनही उपयोग नसतो, कारण समोर धरण्यासारखं उभं हँडल दिसलं की हात ते ओढणारच, डोळे 'ढकला' वाचेपर्यंत खांद्याला हिसका बसलेला असतो आणि आतली रिसेप्शनिस्ट आजचा हा कितवा, अशा चेहऱ्याने बघत असते. ढकलायच्या बाजूला नुसती सपाट पट्टी लावली की विषय संपला. पण मग दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत ना, आणि फोटोत ते चांगलं दिसत नाही!

बायकोचं म्हणणं, "अरे, तूच वेंधळा आहेस, दार काय करणार?" यावर मी तिला चापानिसची गोष्ट सांगतो. (तिची पाठ झालीय, तरी सांगतो.) दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं नीट खाली उतरायची आणि मग पायलटच चाकं आत ओढून घ्यायचे, की विमान पोटावर! सगळ्यांनी ठरवून टाकलं, पायलटची चूक. अल्फॉन्स चापानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने जाऊन कॉकपिट बघितलं तर चाकांचा आणि पंखांच्या फ्लॅप्सचा, दोन्ही कंट्रोल शेजारी शेजारी आणि दिसायला सारखेच. त्याने काय केलं, चाकांच्या कंट्रोलवर एक छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅप्सच्या कंट्रोलवर पाचरीसारखा तुकडा. झालं, घोळ संपला. आजही विमानांत त्या लिव्हरची मूठ चाकासारखीच असते.

"म्हणजे त्यानेपण चिकटवलंच की," इति बायको.

हो, पण ते वाचावं लागत नाही, हाताला कळतं! हा फरक तिला पटलेला नाही, असो.

याच चापानिसने लिंडेनबॉम नावाच्या सहकाऱ्याबरोबर १९५९ मध्ये शेगडीचा प्रयोग केला. चार बर्नर चौकोनात आणि नॉब मात्र एका ओळीत, म्हणजे कुठला नॉब कुठल्या बर्नरचा याच्या २४ शक्यता होतात, आणि उत्पादक त्यातली कुठली निवडेल हे त्याचं तोच जाणे. त्यांनी वेगवेगळ्या मांडण्या लोकांना देऊन बघितल्या. ज्या मांडणीत बर्नर जरा तिरके सरकवून नॉबच्या क्रमात आणले होते, तिथे एकही चूक झाली नाही. हे कळून इतकी वर्षं झाली, पण शेगडीवाल्यांना बहुतेक अजून निरोप पोचलेला नाही. त्यांचा उपाय म्हणजे नॉबशेजारी चार बारीक ठिपके, त्यातला एक भरलेला. ते ठिपके शेगडी पुसता पुसता सगळ्यात आधी निघून जातात आणि मग चहा एकीकडे आणि जाळ भलतीकडे.

यूएसबीला मात्र मी माफ केलंय. १९९६ मध्ये आलं ते, आणि उलटसुलट कसंही घातलं तरी चालणारं टाइप-सी यायला २०१४ उजाडलं, मधली सगळी वर्षं आपण टेबलाखाली ओणवं होऊन आधी सुलट मग उलट मग परत सुलट करत काढली. पण ते बनवणाऱ्या टीममधल्या अजय भट्ट यांनीच सांगितलंय की दोन्हीकडून चालेल असं करायचं तर वायरी वाढल्या असत्या आणि खर्चही. खर्च वाचवला हे कारण मला समजतं, छान दिसतं म्हणून केलं हे समजत नाही.

आणि हे 'छान दिसणं' सगळ्यात जास्त छळतं ते बाथरूममध्ये. शांपू आणि कंडिशनर, एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या बाटल्या, कुठली कुठली ते मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं. चष्मा बाहेर, डोळ्यांत पाणी, आणि चोळतोय चोळतोय तर फेसच येत नाही! जपानमध्ये काओ कंपनीने १९९१ मध्येच शांपूच्या बाटलीच्या कडेला खाचा पाडल्या, दृष्टिहीनांना हाताने ओळखता यावं म्हणून, आणि कल्पना स्वतःपाशी दाबून न ठेवता इतर कंपन्यांनाही वापरू दिली. डोळे मिटून डोकं धुणाऱ्या बाकी जनतेचीही आपोआप सोय झाली. माझ्या बाटलीला खाचा नाहीत, म्हणून मी शांपूला एक जाड रबरबँड गुंडाळला. चिठ्ठी नाही, वाचायचं काम नाही, एकदम चापानिस छाप काम.

दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेलो, डोळे मिटले, हात लांब केला, तर दोन्ही बाटल्यांना रबरबँड. बायकोला वाटलं गळतीय म्हणून लावलाय, तर तिने दुसरीलाही लावून टाकला.