नाकतोड्याच्या पायातल्या नसा मेंदूतून उतरत नाहीत

खानापूर-बेळगावकडच्या शेतकरी ग्रुपवर मेसेज फिरतोय: नाकतोड्याच्या पायातल्या स्पर्शाच्या नसा मेंदूतून फुटून मुळांसारख्या खाली उतरतात. खरं तर उलटं आहे. भाताच्या बांधावरचा नाकतोडा हातात घ्या, नडगीवरचे बारीक केस बघा. त्या केसांच्या संवेदी पेशी पायाच्या कातडीतच जन्मतात आणि त्यांचे तंतू आत, छातीतल्या चेतागाठीकडे (मज्जापेशींच्या गाठीकडे) वाढतात. अंड्यात पाय नुसता कोंब असतो, तेव्हाच टोकाजवळच्या संवेदी पेशींची एक जोडी बोटांसारखे धागे पसरत, वाटेतल्या खुणेच्या पेशी चाचपत निघते. खुणेच्या ठरावीक पेशी मारल्या की ती भरकटते, हे प्रयोगात दिसलंय. मागचे तंतू तिचीच वाट धरतात. टोळाच्या गर्भातल्या, सर्वांत आधी वाट पाडणाऱ्या या जोडीसारख्या वाटाड्या पेशी जीवशास्त्रज्ञ मायकेल बेट यांनी १९७६ मध्ये दाखवल्या. आतून बाहेर येतात त्या हालचालीच्या नसा. मेसेजमध्ये गल्लत तिथेच झालीय.