नऊ प्रदर्शनं नकोत, चार पुरेत

आमच्या कॉलेजच्या गॅलरीत या वर्षी नऊ प्रदर्शनं झाली. मी अकाउंट्स शिकवते. पण स्टाफरूमकडे जायची माझी वाट गॅलरीतूनच जाते, म्हणून नऊच्या नऊ पाहिली. वर्ष संपताना एकच म्हणणं आहे: नऊ फार झाली. चार करा, पण प्रत्येक प्रदर्शन महिना-दीड महिना भिंतीवर राहू दे.

हे मला कळलं ते छापाचित्रांच्या प्रदर्शनामुळे. ते आठवडाभराचंच होतं, पण पुढचं लांबलं आणि चित्रं पाच आठवडे तशीच राहिली. पहिल्या दिवशी मी त्यांच्यावरून नजर फिरवून तासाला निघून गेले. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की प्रत्येक चित्राभोवती कागदात एक चौकट दबलेली आहे. तिथे बसलेल्या एका विद्यार्थ्याला विचारलं, तर त्याने सगळं समजावलं. धातूच्या प्लेटवर मेणासारखा थर द्यायचा, तो खरवडून रेषा काढायच्या, प्लेट आम्लात ठेवायची म्हणजे उघड्या रेषा कोरल्या जातात, मग थर काढून रेषांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, मग ओलसर कागद ठेवून प्रेसखालून काढायची. ती चौकट म्हणजे प्लेटच्या कडेचा दाब. खाली पेन्सिलीने ३/१० लिहिलेलं होतं, म्हणजे दहा प्रतींतली तिसरी. आणि तिसऱ्या आठवड्यात मला दिसलं की काळा रंग एकसारखा नाहीच! जी रेषा आम्लात जास्त वेळ राहते ती खोल जाते, जास्त शाई धरते, जास्त काळी उमटते. एका झाडाची मुळं गडद आणि शेंडे फिकट होते, ते आम्लातल्या मिनिटांच्या हिशेबाने. पाच दिवसांत हे मला कधीच दिसलं नसतं.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात, याचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली साधारण २७ सेकंद. तिथे माणूस एकदा येतो आणि जातो. कॉलेजचं तसं नाही. इथे तीच मुलं रोज त्याच भिंतीवरून जातात. एवढी मोठी गोष्ट आपल्या हातात असताना आपण दर पंधरा-वीस दिवसांनी भिंत रिकामी करतो. उद्घाटनाला गर्दी, फोटो, अभिप्रायवहीत ‘खूप छान’, आणि मुलांचे पाय तिकडे वळेपर्यंत चित्रं खोक्यात.

घाईत चुकाही होतात. यंदा जलरंगांची चित्रं थेट उन्हाच्या खिडकीसमोर लागली. मला ते पाहवत नव्हतं. कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर प्रकाश देऊ नये, असं संग्रहालयं मानतात, कारण उडालेला रंग परत येत नाही आणि झालेलं नुकसान साठत जातं. जास्त दिवस ठेवायचं तर हे आधी सांभाळायला हवं. पडदा लावा, दिवे मंद करा, नाजूक कागद मध्येच बदला. अवघड काहीच नाही, फक्त मांडणीला दोन दिवस जास्त द्यावे लागतात.

आणि मांडणी मुलांना करू द्या, सगळ्या शाखांच्या. शेवटच्या प्रदर्शनाला माझ्या वर्गातली एक मुलगी मदतीला गेली होती. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर, म्हणजे साधारण डोळ्यांच्या रेषेत, आणि खिळा मात्र फ्रेमची उंची व मागची तार किती ताणली जाते ते मोजून ठोकायचा. तिने प्रत्येक फ्रेमचा हिशेब वहीत मांडला होता. त्या चित्रांबद्दल ती नंतर माझ्याशी अर्धा तास बोलली. वर्गात मी तिचा आवाज क्वचितच ऐकला होता.

अमेरिकेतल्या ओबरलिन कॉलेजमध्ये १९४० पासून संग्रहालयातली अस्सल चित्रं विद्यार्थ्यांना खोलीत लावायला सत्रभर भाड्याने देतात. त्यासाठी मुलं रात्रभर रांगेत थांबतात. आपल्याकडे तेवढा संग्रह नसेल, पण भिंत आहे आणि मुलं आहेत.

पुढच्या वर्षाचं वेळापत्रक अजून ठरायचंय. समितीतल्या ज्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोहोचेल, त्यांनी पहिलं प्रदर्शन तरी सहा आठवड्यांचं ठेवावं. मांडणीच्या दिवशी टेप आणि पाणसळ घेऊन मी येईन, माझ्या वर्गातली चार मुलंही येतील. त्यांना विचारून झालंय.